डबा भरला की तेल बदलायचं

प्रिय दादा,

तू गेल्याला बारा वर्षं झाली आणि एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. दरवर्षी पितरांना पान वाढलं, कावळ्याची वाट बघितली, हात जोडले की सुटलो. आज लिहितोय, कारण तुझ्या लेकीनं मला एक साधा प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

मनूनं गाडी घेतली, दादा! जुनीच आहे, लाल रंगाची. मंचरला पतसंस्थेत लागलीय ती, निमगावहून रोज जाऊन-येऊन करते. रविवारी अंगणात बॉनेट उघडून उभी होती, एक हात कमरेवर, अगदी तुझ्यासारखी. मला म्हणाली, "काका, इंजिन ऑईल कधी बदलायचं असतं? पुस्तकात दहा हजार किलोमीटर लिहिलंय, मेकॅनिक म्हणतो पाच हजारालाच बदला. कुणाचं ऐकू?" आणि मग अगदी सहज म्हणाली, "मला पप्पांसारखं दुर्लक्ष नाही करायचं."

तुझ्यासारखं दुर्लक्ष! ऐकलंस का? वहिनी ओट्यावर लसूण सोलत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी गाडीच्या टायरकडं बघत राहिलो.

तेलाच्या बाबतीत तुझ्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. आपल्या प्रवासी जीपच्या मीटरची केबल घेतल्यापासून तुटलेली. काटा कायम शून्यावर, किलोमीटरचा आकडा कायम तोच. नारायणगावच्या स्टँडवरच्या निम्म्या जीपांची तीच गत होती, ते तेल बदलायचे अंदाजानं, नाहीतर इंजिन ओरडायला लागल्यावर. तू मात्र चहापत्तीचा पत्र्याचा डबा घेतलास, आत खिळ्यानं ओरखडा काढलास आणि चिंचोके टाकायला लागलास. निमगाव ते नारायणगाव आणि परत, अशी एक फेरी झाली की एक चिंचोका. ओरखड्यापर्यंत डबा भरला की पाच हजार झाले, तेल बदलायचं. मग डबा रिकामा करून पुन्हा पहिल्यापासून. स्टँडवरचे ड्रायव्हर तुला हसायचे, "काय राव, आज किती चिंचोके पिकले?" तू म्हणायचास, "हसा लेको. तेल हाय तवर गाडी हाय, न्हाईतर नुस्तं लोखंड."

काढलेलं काळं तेलही तू वाया जाऊ द्यायचा नाहीस. गोठ्याच्या लाकडी मेढींना चोपडायचास, वाळवी लागू नये म्हणून. त्या मेढी अजून उभ्या आहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते लिहितो.

सकाळच्या फेऱ्या तुझ्या आणि दुपारनंतरच्या माझ्या, असं आपलं ठरलेलं. तेल गरम असताना काढलं की सगळा मळ निघतो, म्हणून तू तुझ्या फेऱ्या संपवून यायचास आणि जीप आंब्याखाली घ्यायचास. म्हणजे प्रत्येक वेळी दुपार जायची ती माझी. तुझी सकाळ कधी बुडाली नाही. ही गोष्ट माझ्या मनात किती सलायची, तुला ठाऊक होतं का? जीपमध्ये बसलो की मी कुणीतरी असायचो. पुढच्या सीटवर कोण बसणार, मागं कोण लटकणार, हे मी ठरवायचो. आंब्याखाली मी फक्त पाना धरणारा धाकटा.

त्या वर्षी फाल्गुनात लग्नसराई सुरू झाली, जीपला पाय ठेवायला जागा नसायची, आणि डबा भरत आला. मी त्यातले मूठभर चिंचोके काढले आणि मोरीच्या मागं फेकून दिले. एवढंच केलं. आठवड्यानं पुन्हा एक मूठ. उन्हाळाभर असं सहा-सात वेळा केलं असेल, दादा. डबा काही भरेना. मला त्याचं हसूसुद्धा यायचं!

मे महिन्यातली ती सकाळ. तू एक फेरी मारून आलास आणि ओट्यावर बसलास. शर्ट घामानं चिंब. "छातीत दाबल्यावानी व्हतंय," म्हणालास. तुला मागच्या सीटवर आडवं केलं, वहिनीनं डोकं मांडीवर घेतलं आणि मी नारायणगावच्या दवाखान्याकडं जीप काढली. दोन-तीन किलोमीटर गेलो असू, इंजिनात खडखड सुरू झाली. मी ऐकली. तूही ऐकलीस. डोळे मिटलेले होते तुझे, पण मला विचारलंस, "बाळू, डब्यात किती झाले?"

मी म्हणालो, "भरायला अजून लई वेळ हाय, दादा. तू बोलू नको."

मी ऍक्सिलरेटर दाबला. नारायणगाव सात-आठ किलोमीटर राहिलं असताना इंजिननं एक आचका दिला आणि जागीच जाम झालं.

तो रस्ता मला अजून दिसतो. ऊन, आणि गाडी नावाचं काही येईना. मी हँडल मारत होतो, जाम झालेल्या इंजिनाला! वहिनी पदरानं तुला वारा घालत होती. शेवटी टोमॅटोचा टेम्पो आला. त्या भल्या माणसानं एक शब्द न विचारता मागचे क्रेट रस्त्याच्या कडेला उतरवले. "धरा पावणं तिकडनं," म्हणाला. उरलेल्या क्रेटांच्या मधोमध तुला झोपवून नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि एकच वाक्य बोलले, "अर्धा तास आधी आणायला हवं होतं."

तेराव्यानंतर मेकॅनिकनं जीपचं चेंबर खोललं. तेलाच्या जागी डांबरासारखा गाळ निघाला. तो चक्रावला. म्हणाला, "तुझा दादा तर लई टापटिपीचा. मंग आसं कसं झालं?" चार माणसं उभी होती. मी म्हणालो, "शेवटी शेवटी त्याचं लक्ष नव्हतं गाडीकडं."

हे मी बोललो, दादा. तुझी राखसुद्धा पुरती निवली नव्हती आणि मी हे बोललो. तेच गावात पसरलं, तेच मनूच्या कानावर पडलं. नऊ वर्षांची होती तेव्हा. पप्पा स्वतःच्या दुर्लक्षानं गेले, हे मनात घेऊन ती वाढली आणि मीच तिला शाळेत सोडलं, मीच तिचं दप्तर आणलं, मीच तिला गाडी शिकवली.

रविवारी मनू आत गेल्यावर वहिनी माझ्याजवळ आली. आवाज न चढवता म्हणाली, "भावजी, आता तरी सांगा पोरीला." मी म्हणालो, काय सांगू? तर म्हणाली, "त्या साली पाडव्याच्या सुमाराला मोरीच्या पाण्यावर चिंचंची रोपं उगवली व्हती, एका जागी ढीगभर. ह्यांनीच दावली मला. म्हनले, बाळूनं टाकलेत. मी म्हनलं, मग बोला त्याला, न्हाईतर तेल तरी बदला. तर म्हनले, त्याच्या तोंडानं सांगू दे. तवर न्हाई बदलत."

मी तिला विचारलं, बारा वर्षं बोलली का नाहीस? "बोलून मानूस परत येतं व्हय?" एवढं म्हणून ती लसूण निवडायला बसली.

तुला ठाऊक होतं! रोज सकाळी तेलाची पट्टी काढून दोन बोटांत चोळायचास, काळं पडलेलं दिसतच असणार. मग माझा कान का नाही धरलास रे? चारचौघांत मुस्काटात मारायची होतीस. मी रुसलो असतो, आठ दिवस बोललो नसतो, पण तेल बदललं गेलं असतं. माझा खोटेपणा मोडायला तू आपली गाडी पणाला लावलीस. असला कसला हट्ट? चार दिवस मला नुसता तुझा राग येतोय, आणि रागावलो की जरा बरं वाटतं, म्हणून पुन्हा माझाच राग येतो.

मागच्या सीटवरून तू विचारलंस ते चिंचोक्यांसाठी नव्हतं, हे मला आता कळतंय. तू मला अजून एक संधी दिली होतीस.

येत्या रविवारी मनूच्या गाडीचं तेल बदलायचं ठरलंय, त्याच आंब्याखाली. तुला शब्द देतो, नट सैल करण्याआधी मी तिला सगळं सांगणार. मूठ, मोरी, मेकॅनिकपुढं बोललेलं वाक्य, काही गाळणार नाही. पाच हजाराला बदलायचं, असं तिचे पप्पा सांगायचे, आणि ते कधी चुकले नाहीत, हेही सांगेन. त्यानंतर ती मला काका म्हणेल की नाही, ते तिचं ती ठरवेल.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. डबा कधीच भरला होता, दादा. दोनदा भरून वर सांडला असता.

तुझा,
बाळू
निमगाव सावा