माळावर झाड नको, सर

सर,

'प्रिय' लिहायला हात धजेना, आणि 'आदरणीय' लिहिलं असतं तर तुम्हीच चष्म्यावरून बघून हसला असतात. म्हणून नुसतं सर. ऑफिसात सगळेच म्हणायचे तसं.

तुम्ही गेलात त्याला वर्ष होत आलं. शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी घसा बसल्याचं निमित्त केलं. सगळ्यांना वाटलं, बाईंना रडू आवरत नाहीये. रडू कसलं हो, राग होता! गेलेल्या माणसावर चारचौघांत चिडता येत नाही, हे तुमच्या चांगलंच पथ्यावर पडलं. पण काल तुमच्या मुलानं, आता तुमच्या केबिनमध्ये बसणाऱ्या अभिजितनं, माझ्या टेबलावर एक नकाशा पसरला आणि तेव्हापासून तो राग काही केल्या गिळवत नाहीये. नकाशाचं सांगते. आधी जरा जुनं उकरू द्या.

मला नोकरी कशी दिलीत, आठवतं? तुमची सल्लागार कंपनी रस्त्यांचे, कारखान्यांचे आराखडे करायची आणि मंजुरीला लागणारे पर्यावरणाचे अहवालही. गंगापूरकडच्या एका कारखान्याचा अहवाल तुमच्या पोरांनी कोकणातल्या जुन्या अहवालावरून उतरवला होता. नावगाव बदललं, बाकी सगळं तसंच. जनसुनावणीत सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी पानं उलटली आणि विचारलं, "इथं खारफुटी कुठून आली?" अख्खा मांडव हसला. मराठवाड्यात समुद्राकाठची झाडं! त्यानंतर तुम्ही घाईघाईनं परिसरशास्त्र शिकलेलं माणूस शोधायला लागलात आणि मी हाती लागले.

"मॅडम, आपल्याला झाडापाखरातलं काय कळत नाय," तुम्ही म्हणालात. "तुम्ही फक्त एवढं बघा, पुन्हा खारफुटी उगवाय नको."

एवढंच माझं काम होतं. माझी खुर्ची मांडली होती नकाशे छापायचं यंत्र आणि पाण्याचा जार यांच्या मधोमध, म्हणजे पाणी प्यायला येणारा प्रत्येक इंजिनिअर मला विचारणार, "काय मॅडम, आज किती चिमण्या?" गारखेड्यात घरी आमच्या आईची वेगळीच पंचाईत. शेजारणींना सांगायची, "इंजिनिअरच्या हापिसात हाय, पण इंजिनिअर नाय. पाखरं बघायचा पगार घेती." लग्नाच्या स्थळांपुढं तर ती नुसतं "खासगीत हाय" म्हणून विषय बदलायची.

तरी मी टिकले. का टिकले, तर तुमच्यामुळं, हे नाकारत नाही. साइटवर सगळे दहाच्या उन्हात पोचायचे, तोवर पाखरं सावलीला गेलेली असायची. मी पहाटेची गाडी मागितली तर हिशेबवाले हसले. तुम्ही स्वतःची गाडी दिलीत. दुर्बीण घेऊन दिलीत. हळूहळू माझ्या हाताखाली दोन मुली आल्या, दारावर 'परिसर विभाग' अशी पाटी आली. पाटी लावली त्या दिवशी तुम्ही सगळ्या मजल्याला गुलाबजाम वाटलेत. मला वाटलं, झालं! इंजिनिअरांच्या घरात आपल्याला जागा मिळाली. किती भोळी होते हो मी!

मग तो माळ आला. खुलताबादच्या पलीकडचा, तुमच्या गावाला लागून असलेला. तिथं सौर प्रकल्प येणार होता. तुम्ही म्हणालात, मीही येतो.

उन्हाळा होता, सगळीकडे पिवळं गवत आणि दगड. तुम्ही तरातरा पुढं चालला होतात आणि मी ओरडले, "सर, थांबा! पाय टाकू नका!" तुमचा बूट हवेतच राहिला. खाली उघड्या मातीवर धाविक नावाच्या पाखराची दोन अंडी होती. घरटं नाही, काडी नाही, नुसती ढेकळांच्या रंगाची अंडी. ती पाखरं थोडं धावतात, थबकतात, पुन्हा धावतात. त्यांना झाड नको असतं. मोकळी जमीन लागते, दूरवर दिसेल अशी. झाड आलं की त्यावर कावळा बसणार, आणि कावळ्याला अंडी दिसणार.

तुम्ही मागं सरकून खालीच बसलात. पँटची इस्त्री मोडेल याची पर्वा न करता! आणि पहिल्यांदाच मला मॅडम म्हणाला नाहीत.

"पोरी, मी इथं शेळ्या राखल्यात. ही पाखरं आमच्यापुढं पळायची. आमची माय याला थोरला माळ म्हणायची. कुणी पडीक म्हटलं की तिला लई राग यायचा. म्हणायची, पडीक आसंल तुझं डोस्कं. माझी जनावरं काय हवा खाऊन जगली व्हय?"

आपण दोघंही हसलो. तिथंच तुम्ही म्हणालात, "आपल्या अहवालात पडीक हा शब्द यायचा नाय. माझा शब्द."

मी अहवाल लिहिला. नैसर्गिक गवताळ माळ, असं स्वच्छ लिहिलं. माळाचा उताराकडचा निम्मा भाग प्रकल्पातून वगळावा, असंही लिहिलं. इतक्या मनापासून मी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नसेल.

आणि महिन्याभरानं तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. चहा सांगितलात. मला तेव्हाच कळायला हवं होतं, तुम्ही वाईट बातमी नेहमी चहाबरोबर द्यायचात.

"तो शब्द बदललाय," तुम्ही म्हणालात. "पडीक टाकलंय. क्लायंट बिदकला व्हता. माळ म्हटलं की शंभर सवाल येत्यात. उतार वगळलाय मी, तो राहतोय ना तसाच? मग एका शब्दानं काय व्हतं?"

मी म्हटलं, "सर, तुमची माय?"

तुम्ही कपातला चहा ढवळत राहिलात. साखर केव्हाच विरघळली होती.

"ऑफिसातल्या सगळ्यांची घरं चालवायची हायेत मला," एवढंच म्हणालात. "तुझा विभागपण त्यातच आला."

सर, त्या दिवशी दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, अडाणी आहे, त्याला काय कळणार. पण तुम्हाला कळत होतं हो! माझ्याआधीपासून कळत होतं. तुम्ही त्या गवतात वाढलात. ज्याला माहीत नाही त्यानं पडीक लिहिणं वेगळं आणि ज्याच्या आईनं त्या शब्दावरून लोकांना झापलं त्यानं लिहिणं वेगळं. हे मी तुम्हाला तोंडावर का नाही म्हटलं? मला वाटलं, एक ना एक दिवस तुम्हीच विषय काढाल. शेवटी दवाखान्यात भेटायला आले तेव्हाही वाट बघितली. तुम्ही विचारलंत, "यंत्राजवळची ती तुझी खुर्ची हलवली का गं कुणी?" बस, एवढंच. माळाचं अवाक्षर नाही.

आता नकाशाचं ऐका.

प्रकल्पाला हरितपट्टा करणं बंधनकारक आहे. मग झाडं कुठं लावायची? क्लायंटनं उताराकडं बोट दाखवलं. कागदोपत्री ती पडीक जमीन, म्हणजे तिथं झाडं लावली की तिचं भलंच होणार, नाही का? आणि तुमच्या अभिजितला त्यातून एक कल्पना सुचली. तुमच्या वर्षश्राद्धाला तिथं स्मृतिवन करायचं, त्याचाच तो नकाशा. तुमची थोडी रक्षा त्यानं राखून ठेवलीय. ती खड्ड्यात टाकायची आणि त्यावर पहिलं झाड लावायचं.

"मॅडम, झाडं तुम्हीच निवडा," तो म्हणाला. "बाबांना तुमच्याइतकं कोण ओळखायचं? वड-पिंपळ घ्या, दाट झालं पाहिजे एकदम."

त्याचे डोळे भरले होते. पोरगं खोटं बोलत नव्हतं, म्हणून तर मला जास्त त्रास झाला. मी म्हटलं, "जागा बघून सांगते."

आज सकाळी जाऊन आले. उतारावर खड्ड्यांसाठी फक्कीच्या पांढऱ्या खुणा ओढल्यात, शाळेच्या मैदानावर ओढतात तशा. मधोमध फलक रोवलाय, त्यावर तुमचं नाव आणि पुढं 'निसर्गप्रेमी'. मी तिथंच फतकल मारून बसले आणि एकटीच मोठमोठ्यानं हसले. मग रडलेही. शोकसभेत न आलेलं रडू तिथं आलं, तुमच्यासाठी की माळासाठी, कुणास ठाऊक.

तेवढ्यात एक धाविक फक्कीची रेघ ओलांडून धावली. थबकली. पुन्हा धावली आणि दगडांत दिसेनाशी झाली. म्हणजे अजून आहेत. तुम्ही वाचवलेल्या उतारावर आहेत. तेवढं श्रेय तुमचं, घ्या. आणि तोच उतार आता तुमच्या नावानं बुजणार आहे, तेही तुमचंच.

तुम्ही विचारलं होतंत ना, एका शब्दानं काय व्हतं? हे व्हतं, सर.

परतताना ठरवलंय. उद्या अभिजितला शेळ्यांची, थोरल्या माळाची आणि तुमच्या हवेत राहिलेल्या बुटाची गोष्ट सांगणार आहे. चहा मी सांगेन. त्याला पटलं तर ठीक. नाही पटलं तर हरितपट्ट्याच्या कागदावर 'ही जमीन पडीक नाही' असं माझ्या सहीनं लिहून देईन, मग त्यानं विभाग बंद केला तरी चालेल. पाटी काढायला पाना लागतो, तो माझ्याकडे आहे.

माझा शब्द घ्या, आणि तो चहात ढवळायचा नाही. तुमच्या नावाचं एकही झाड मी त्या माळावर लागू देणार नाही. तुमची रक्षा अभिजितनं उघड्या गवतात सोडावी, वाऱ्यावर, असं मी त्याला सांगेन. तिथं फलक नसेल, सावली नसेल, येणाऱ्याजाणाऱ्याला काहीसुद्धा दिसणार नाही. म्हणेल कुणीतरी, पडीक आहे.

तेव्हा तुमच्या मायला उठवा. उत्तर तिला पाठ आहे.

उद्यापर्यंत तरी तुमच्याच ऑफिसातली,
वंदना