ताराबाईचे बूट

१२ नोव्हेंबर, बुधवार
खिळा गेला पायात! काल लॉनवर लग्न होतं. आज मांडव निघाला, आणि मी कचरा वेचताना चप्पल फोडून सरळ टाचेत. केवढी ओरडले! माझ्यासोबत बागेत काम करणाऱ्या ताराबाईने ओढून काढला. मग दवाखाना, सुई. मालक भैय्याजी म्हणाले, "दोघींनाही बूट घेऊन देतो. ते आले की त्याशिवाय बागेत पाय ठेवायचा नाही."
ताराबाई हसली. "मी जलमभर अनवाणी फिरली. मले काही टोचत नाही वं."

१३ नोव्हेंबर
शेजारच्या मिथुनचे मासेमारीचे गमबूट घालून पाहिले. आत नुसता घाम, आणि चालताना पाय पुढे सरकतो. हे नको.

१५ नोव्हेंबर, शनिवार
काम संपवून दोघी पूल ओलांडून भंडाऱ्याला गेलो. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हाच माप घ्यावं — दुकानदारानेच फोनवर सांगितलं होतं. जाड तळ, पुढे बोटांवर कडक टोपी, घोट्यापर्यंत उंच. बायकांच्या मापाचे मिळता मिळेनात! शेवटी पोरांच्या मापातले निघाले. मी मोजे घालून उकिडवी बसून पाहिलं, कारण आमचं अर्धं काम बसूनच. बोटं मोकळी, टाच घट्ट. घेतले.
ताराबाईने पहिलाच जोड घातला, दुकानभर फिरली. "मस्त बसला!"
दुकानदाराने पुढून दाबून पाहिलं. उजव्या बुटात कागदाचा बोळा तसाच होता! चांगला लिंबाएवढा. बोटं दुमडून गेली असतील. सगळे हसले. ताराबाईही.
मी पण हसले. मग हसू येईना.

१६ नोव्हेंबर
तो बोळा डोक्यातून जात नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
दुपारी डबा खाताना म्हटलं, "मावशी, डोळे मीट. काडी लागली की सांग." काडीने तिच्या तळव्याला हळूच टोचलं. "लाव न वं, काहून थांबली?" म्हणते. माझं चार ठिकाणी टोचून झालं होतं!
पाय उलटा करून पाहिला. अंगठ्याखाली भोक, कडा पांढऱ्या, आत मोडलेला काटा. वास येत होता. कधीचा, तिलाच ठाऊक नाही.
"दवाखान्यात चाल," म्हटलं.
"भैय्याजीले सांगू नोको. लंगडी म्हणून काढून टाकन मले."
"मावशी, पाय राहिला तर काम राहीन!"
तिने मेंदीच्या कुंपणाकडे एकदा पाहिलं. मग पदर खोचला. "चाल."

१८ नोव्हेंबर
शुगर. खूपच वाढलेली. डॉक्टर म्हणाले, त्यामुळेच पाय बधिर झाले. काटा काढला, जखम साफ केली. हाडापर्यंत गेली नाही. आणखी थांबली असती तर अंगठा गेला असता. जखम भरेपर्यंत बूट नाही, काम नाही. नंतर रुंद बूट, आणि घालण्याआधी दरवेळी आत हात फिरवून पाहायचं.
भैय्याजींना मीच सांगितलं. ते म्हणाले, "पाय बरा होऊ दे. मंग बसून रोपाच्या पिशव्या भरन ताराबाई."
ताराबाई ऐकून रडली. तोवर तिने एक टिपूसही काढलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
ताराबाईची पट्टी बदलायला गेलो. जखम भरते आहे. नर्स मला म्हणाली, "आलीच आहेस तर तुझंही रक्त पाहून घेऊ." पाहिलं.
मलाही शुगर आहे.
परत येताना ताराबाईने पुलावर माझा हात धरला. "घाबरू नोको वं. दोघी संगं येत जाऊ."