डॉटचा पोळा

श्रूजबरी,
२४ ऑगस्ट २००५

चि. आसावरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

मी यमुना. तुझ्या बापाची आई. ठेंगणी, सावळी, पुढचे दोन दात नसलेली. एवढी ओळख द्यावी लागते, कारण महिना झाला तुझं पत्र नाही, म्हणजे तू मला विसरली असणार. घोड्यांची नावं मात्र तुझ्या बरोबर लक्षात राहतात.

अक्षर तुझ्या आईचं आहे, शब्द माझे. कॉम्प्युटरची नोकरी सोडून तू व्हरमाँटला लीद उचलायला गेलीस, तेव्हापासून, म्हणजे मार्चपासून, सुनेत्राने तुझ्याशी अबोला धरलाय. पण सासूच्या पत्राला नाही म्हणायची तिची टाप नाही. तुझा बाप, अरुण, म्हणत होता, मी लिहून देतो. मी म्हटलं, तुझं अक्षर म्हणजे शाईत बुडालेली मुंगी. मला सुनेत्राच पाहिजे. तुझं पत्र आलं की मोठ्याने वाचायचंही तिनेच. म्हणजे काही नाही तरी पत्राच्या डोक्यावर तिला तुझं नाव लिहावं लागतं. हे वाक्य लिहिताना तिने पेन थांबवलं होतं. मी म्हटलं, लिही.

आता कामाचं. तीन सप्टेंबरला पोळा आहे. तुझ्याकडे बैल नाहीत हे मला ठाऊक आहे, पण राबणारं जनावर ते राबणारं जनावर, देव काही शिंगं मोजायला येत नाही. आदल्या संध्याकाळी दोन्ही घोड्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळ आणि कानाशी सांग, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी आंघोळ, काम बंद, आणि पुरणपोळी. पोळ्या इथून पाठवते.

कळावे. लोभ आहेच, घोड्यांना वाटून उरला तर चिमूटभर इकडेही येऊ दे.

तुझी,
आजी

*

व्हरमाँट,
२८ ऑगस्ट २००५

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

विसरले नाही गं. गवत कापायचं चाललं होतं, रात्री पेन धरायला बोटं वळत नव्हती.

आधी एक दुरुस्ती. घोडे नाहीत, घोड्या आहेत. डॉट आणि मे, दोघी पांढऱ्या. एकेकीचा खुर आपल्या पोळपाटाएवढा. मे शहाणी आहे. डॉट नांगर ओढता ओढता मध्येच थांबते आणि मान वळवून माझ्याकडे बघते, मी काहीतरी चुकीचं बोलल्यासारखं. थेट तुझ्यासारखी.

शेताचे मालक वॉल्टर एकाहत्तर वर्षांचे. बारा एकर, ट्रॅक्टर नाही, सगळं या जोडीवर. त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. सप्टेंबरच्या शेवटी बटाटे काढायचे, तेव्हा पूर्ण वावरात जोडी मी एकटीने हाकायची. ते लगामाला हात लावणार नाहीत. जमलं तर हिवाळ्यात आणि पुढच्या वर्षीही मी इथेच. नाही जमलं तर ते मला स्वतः बसस्टॉपवर सोडतील. रागाने नाही, त्यांचा तसा हिशोबच असतो.

बाबा फोनवर म्हणाले, आईने माझ्यासाठी ऑक्टोबरमध्ये एक इंटरव्ह्यू ठरवलाय आणि माझ्या खोलीला नवे पडदे लावलेत. आजी, मला इथे राहायचंय. हे वाक्य वाचताना आईचा आवाज कसा झाला, ते मला कळव.

पोळा नक्की करते. सगळ्यांना, म्हणजे सगळ्यांना, नमस्कार.

तुझी,
आसावरी

*

श्रूजबरी,
३१ ऑगस्ट २००५

चि. आसावरीस आशीर्वाद.

आवाजाचं विचारलंस. त्या वाक्याला तिला खोकला आला. दोनदा.

सोबत पोळ्यांचा डबा आहे. पोळ्या सुनेत्राने केल्या. मी खुर्चीत बसून चुका काढल्या. पोळ्या तुझ्या जोडीसाठी. आमचे बैल पाच-पाच खायचे आणि वर तुझ्या आजोबांचं धोतर चाटायचे. डबा मला जड लागला, पण या वयात मला रिकामी पिशवीही जड लागते.

सुनेत्राला म्हटलं, पोरीला तुझ्या मनाने एक ओळ टाक. म्हणाली, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. ठीक आहे. आत्ता हेही तिनेच लिहिलं.

लोभ डब्यातच भरलाय, झाकण नीट उघड.

आजी

*

व्हरमाँट,
५ सप्टेंबर २००५

ती. आजीस शि. सा. न.

आधी सांगते, डॉट जिवंत आहे. आता बाकीचं वाच.

हळद लावली. दोन्ही घोड्या मानेपासून खांद्यापर्यंत पिवळ्याधमक. वॉल्टर धावत आले, त्यांना वाटलं कावीळ झाली. मी पोळा समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी हॅट काढून दोघींना शुभेच्छा दिल्या. इथवर सगळं छान होतं.

तीन तारखेला दुपारी डबा उघडला. तीस पोळ्या! वरच्या कागदात दहा, खालच्या कागदात वीस. मला वाटलं, आजीचा हात सढळ. मेने चार खाल्ल्या आणि तोंड फिरवलं. बाकीच्या डॉटने. मी हसत हसत भरवत होते गं. तासा-दोन तासांत ती आडवी झाली, पोटावर लाथा मारायला लागली, घामाने हळद वाहून गेली. घोड्याला ओकता येत नाही. बैलासारखं रवंथ करता येत नाही. पोटात गेलं ते अडकलं की जीव जातो. धान्य मोजून द्यायचं हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पण पुरणपोळीला मी खाणं धरलंच नाही, प्रसाद धरला.

वॉल्टरनी विचारलं, हिने काय खाल्लं. झाडाखालची सफरचंदं खाल्ली असतील, असं म्हणता आलं असतं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरने नाकातून नळी घालून तेल सोडलं. मग एका बाजूला वॉल्टर, एका बाजूला मी, तिला गोल गोल फिरवत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला तिने लीद टाकली, आणि एकाहत्तर वर्षांच्या माणसाने लिदीकडे बघून टाळ्या वाजवल्या.

डॉट आता चरतेय. पण वॉल्टरनी लगाम माझ्या खुंटीवरून काढून स्वतःच्या खुंटीवर टांगला. बटाट्यांचं नंतर बघू, म्हणाले.

आईला यातलं काही सांगू नकोस, असं लिहिणार होते. मग आठवलं, वाचतंय कोण.

आसावरी

*

श्रूजबरी,
८ सप्टेंबर २००५

चि. आसावरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मला 'तीस पोळ्या' इथपर्यंत वाचून दाखवलं गेलं. मग वाचणारी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. नळ कशासाठी सोडतात हे मला समजतं. मग पत्र पुन्हा अरुणने वाचलं, तारखेपासून सहीपर्यंत एका दमात, बातम्या द्याव्यात तसं.

मी दहाच सांगितल्या होत्या. वीस आल्या कुठून, म्हणून विचारलं. तर त्या तुझ्या होत्या! मार्चपासून पोरीने घरचं काही खाल्लं नाही म्हणून माझी दुपारची झोप साधून लाटलेल्या. वेगळ्या कागदात बांधल्या, जास्त तूप लावलं, आणि वर 'तुझ्यासाठी' एवढा एक शब्द लिहिला नाही. कारण काय, तर अबोला. घ्या! मायेचं सगळं तूप गेलं घोडीच्या पोटात.

माझाही दोष आहे. घोडा म्हणजे बिनशिंगांचा बैल, असं मी धरून चालले. आणि तू! अगं, वीस पोळ्या तर जावयालाही कोणी एका बैठकीला वाढत नाही.

खरं बोललीस ते मात्र बरं केलंस. लगाम गेला तरी ते बरंच केलंस.

आता मी गप्प बसते. पेनवालीला काहीतरी लिहायचंय म्हणे.

आजी

आसावरी,
खालच्या कागदातल्या पोळ्या तुझ्या होत्या. मला वाटलं, तुला कळेल. शनिवारी आम्ही तिघं येतोय. चूक माझी होती, हे वॉल्टरना मी स्वतः सांगणार आहे. तुला परत न्यायला येतेय की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिकडच्यासाठी तुझ्या उशीचा अभ्रा आणू का?
आई

*

व्हरमाँट,
२७ सप्टेंबर २००५

चि. सौ. सुनेत्रास यमुनाबाईचे आशीर्वाद.

या वेळी अक्षर तुझ्या लेकीचं आणि शब्द माझे. लेखनिक बदलला, जाच तोच.

दोन दिवस म्हणून मला इथे ठेवून गेलीस, त्याला सतरा दिवस झाले. बटाटे निघेपर्यंत हलणार नाही म्हटलं होतं, ते मी खरं केलं. एक गोष्ट त्या दिवशी बोलले नाही, आज सांगते. तू हात जोडून वॉल्टरपुढे तुझं ते इंग्रजी बोललीस, आणि त्याने खुंटीवरचा लगाम काढून तुझ्याच हातात दिला. चूक तुमची, तर परत द्यायचा मानही तुमचा, म्हणाला. तू तो नाग धरल्यासारखा धरलास. तिथेच ठेवून दिला असतास आणि पोरीला गाडीत घातलं असतंस, तर कोणी अडवलं नसतं. तू तो तिच्या हातात दिलास. सुनेत्रा, एवढ्या वर्षांत मी तुझ्या पोळीला चांगलं म्हटलं नाही, पण त्या दिवशी तू चांगलं केलंस.

काल बटाटे काढले. मला बांधावर खुर्ची टाकून दिली होती, अंगावर वॉल्टरचा कोट, त्याला घोड्याचा वास. बटाटे उकरायचं यंत्र जोडीच्या मागे, त्यावर ही. पहिल्या दोन ओळी सरळ. तिसरी अशी वाकडी की निम्मे बटाटे कापले गेले. तेच आम्ही सध्या खातोय. चौथ्या ओळीत डॉट थांबली. मान वळवून बघायला लागली. वॉल्टर खिशात हात घालून उभा. मी असते तर शेपूट पिरगाळलं असतं. ही ओरडली नाही, लगाम ओढला नाही, नुसती बसून राहिली. माझी जपमाळ दोनदा फिरली. मग त्या बयेला स्वतःचाच कंटाळा आला आणि ती निघाली. त्यानंतर वावर संपेपर्यंत थांबली नाही.

शेवटी वॉल्टर सगळं वावर पायी फिरला, माती पायाने उकरून राहिलेले बटाटे बघितले, आणि हिला काहीतरी म्हणाला. मी विचारलं, काय म्हणाला. तर म्हणे, इथल्या हिवाळ्याला हे बूट चालणार नाहीत, जाड घे. मी म्हटलं, ते असू दे, बटाट्यांचं काय म्हणाला? तर ही रडायला लागली, आणि म्हणे, आजी, तेच म्हणाले.

फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तू 'बरं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र मांडीवर घेऊन बसता येतं. पोरगी परत यायची नाही, सुनेत्रा. तो इंटरव्ह्यू कॅन्सल कर. नवे पडदे राहू देत, सुट्टीला येईल तेव्हा तिलाही ऊन लागेलच. रडायचं असेल तर अरुण यायच्या आत आटप. तुला रडताना बघितलं की तो चहा करतो, आणि मग तो प्यावा लागतो.

इथे लेखनिकाने पेन खाली ठेवलं होतं. नाक पुसून पुन्हा उचललंय.

कळावे. लोभ इथे दोघींचा आहे, एकीच्या अक्षरात मावत नाही.

तुझी सासू,
यमुनाबाई

ता. क. : मला न्यायला याल तेव्हा चार दिवस राहायच्या बेताने या. वॉल्टर बटाटे नुसते उकडतो आणि त्यावर लोणी घालून देवाचे आभार मानतो. तेव्हा ज्वारीचं पीठ, काळा मसाला, भाजलेले तीळ आणि लसणाची कोरडी चटणी आण. लोणचं नको, गाडीत सांडतं. चटणी नेहमीसारखीच जाळ कर. वॉल्टरला मी ती गोड असते म्हणून सांगून ठेवलंय.