यशूला वाढताना

छावणी,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय रूपा,

सप्रेम जय भीम.

तुझ्या मापाचे दोन ब्लाऊज शिवून तुमच्याकडं कायमची राहायला निघालेल्या यशूच्या बॅगेत ठेवलेत, त्यांच्या घडीतच हे पत्र आहे. फोनवर बोलतोच की आपण, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोन लागला की तुमचा सार्थक तो तुझ्या हातातून ओढून घेतो, आणि सांगायचं ते राहून जातं. माझी धाकटी बहीण वैशाली गेल्यावर दाजींनी तुझ्याशी लग्न केलं, तेव्हा आमच्या आईनं तुला साडी नेसवून, आजपासून ही आमची लेक, असं सगळ्यांसमोर म्हटलं होतं. त्या नात्यानं लिहिते. मोठी बहीण बोलतेय असं समज आणि रागावू नकोस.

वैशाली तापानं गेली तेव्हा यशू चार वर्षांची होती. दाजींना नाशिकला कंपनीत पाळ्या, पोरीला सांभाळायला कुणी नाही, म्हणून मी तिला इकडं घेऊन आले. पहिले कितीतरी दिवस ती जेवलीच नाही गं. घास तोंडात धरून बसायची, गिळायची नाही. वरणभात, गूळ-तूप, शिरा, सगळं करून बघितलं. मी तिला गुलमंडीवर दुकानात सोबत न्यायची, जिथं मी फॉल-पिकोचं काम करते. एके दुपारी मी मशीनशेजारी डबा उघडून पिठलं-भाकरी खात होते. ती खालून हळूच आली, माझ्या भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. मग दुसरा मोडला. मी हात आखडून घेतला, तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, न जाणो थांबायची. डबा संपला तेव्हा म्हणाली, मावशी, अजून. माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. मी तशीच अनवाणी रस्त्यापलीकडं पळाले आणि बेकरीतून पाव घेऊन आले. दुकानाचे मालक आप्पासाहेब म्हणाले, करुणा, रडतेस कशाला, पोरगी जेवतीय ना? त्या दिवसापासून तिच्या खाण्याचा मला कधी जाच झाला नाही.

आता ती तेरा वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात एवढी उंच झाली की माझ्या डोक्यावरून बघते. शाळेच्या ड्रेसची शिलाई उसवून उसवून खाली सोडायला कापडच उरलं नाही. आणि भूक तर अशी, की शाळेतून आली की दप्तर खांद्यावर असतानाच हात भाकरीच्या टोपल्यात. मला आधी काळजी वाटली, जंत असतील, आणखी काही असेल. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, काही झालेलं नाही, पोरगी वाढतीय, खाऊ द्या. तिला भात पुरत नाही, घटकाभरानं पुन्हा भूक लागते. ज्वारीची भाकरी आणि घट्ट वरण दिलं की पोट धरतं. शाळेतून आल्यावर चहा-बिस्किटावर भागवू नकोस, उकडलेली अंडी नाहीतर शेंगदाणे-गूळ दे. एक डबा मधल्या सुट्टीचा आणि एक शाळा सुटल्यावरचा, असे मी दोन देते. शाळा सुटल्यावर कबड्डीला थांबते ना ती. रात्री झोपताना दूध. एवढं केलं की ती खूश असते, गाणी म्हणत अभ्यास करते. भुकेली असली की बोलत नाही, नखं खाते.

पण लोकांची तोंडं कोण धरणार? शेजारच्या भामाबाई मायेच्या आहेत, तरी म्हणतातच, पोरीच्या जातीला एवढं खाणं बरं नाय, पुढं सासरी कसं व्हायचं? मागच्या वर्षी फर्दापूरला एका लग्नाला गेलो होतो. यशू पंगतीत बसली होती. वाढणाऱ्यानं बुंदी वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ही बाई तर टोपलंच रिकामं करायची, लई खाती! पंगत हसली. यशूही हसली, पण तिनं ताटावर हात आडवा धरला आणि उठेपर्यंत काढला नाही. परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी तिला एवढंच म्हटलं, की भूक ही काय चोरी नाही. ती म्हणाली, चोरी नाही, पण सगळ्यांना दिसते ना.

आता मे महिन्याचं सांगते. ती सुट्टीत तुमच्याकडं राहून आली. तू तिला किती जपलंस ते ती सांगत असते. ड्रेस घेतलास, केस धुऊन दिलेस. इथं बसमधून उतरून घरी आली ती पायसुद्धा न धुता स्वयंपाकात गेली. भाकऱ्या तव्यावरून टोपल्यात पडत होत्या, तिनं उभ्यानंच खायला सुरुवात केली. कोरडी भाकरी, वर नुसतं तिखट. मी भाजी वाढेपर्यंतही तिला दम नव्हता. मळलेलं पीठ संपलं, मी पुन्हा मळलं. तेव्हा माझं तिच्या गळ्याकडं लक्ष गेलं. हाडं वर आली होती. मी विचारलं, तिथं जेवत नव्हतीस का गं? तिनं हातातला तुकडा खाली ठेवला. मग म्हणाली, मावशी, मम्मी शेजारच्या काकूंना म्हणत होती, आमची यशू चिमणीएवढं खाते, तिचा काही म्हणजे काही त्रास नाही. मग मी तसंच खाल्लं.

रूपा, तू ते कौतुकानं म्हणाली असशील, मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी ती लाजून कमी जेवली असेल, तुला तेच खरं वाटलं. तुझी यात काहीच चूक नाही. पण पोरीनं ते मनाशी बांधून ठेवलं. परवा बॅग भरताना मी तिला म्हटलं, तिथं पोटभर जेवशील ना? तर म्हणते, मी आता सवय करणार आहे. कमी खाल्लं की मला ठेवून घेतील. मला पण पप्पा पायजेत, मावशी. असं म्हणून तिनं सार्थकसाठी घेतलेला चेंडू कपड्यांमध्ये नीट दडवून ठेवला. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

भामाबाईंना हे कळलं तशा त्या म्हणाल्या, दाजीला फोन लाव आणि सांग, पोर तिथं उपाशी राहती, नाय पाठवत. फोन हातात घेतलाही होता मी. दाजींचा जीव आहे तिच्यावर, हे ऐकलं असतं तर त्यांनी तिला नेलं नसतं. मग ती माझ्यापाशीच राहिली असती. नऊ वर्षं माझ्या पाठीला पाठ लावून झोपलेली पोर आहे, खोटं कशाला बोलू, तोंडाशी आलं होतं. पण समोर ती चेंडू ठेवलेली बॅग दिसत होती. मी फोन लावला नाही.

दाजी म्हणालेत, ताई, सुरुवातीचे काही महिने फोन करू नका, भेटायलाही येऊ नका, म्हणजे ती इथं रुळेल. ते वावगं बोलले नाहीत, मी हो म्हटलंय. म्हणजे ती जेवली का, हे मला आता विचारता यायचं नाही. म्हणून हे पत्र. पत्राचं तिला माहीत नाही, तिला कळू देऊ नकोस. तू विचारलंस तर ती, पोट भरलं, असंच म्हणेल. ते खरं धरू नकोस. विचारूच नकोस, नुसतं वाढत जा, आणि ती जेवत असताना तिच्या ताटाकडं बघू नकोस. रविवारी सकाळी गाडीत बसायच्या आधी मी तिला पोटभर जेवू घालीन. त्याच्यापुढचं जेवण तुझ्या हातचं.

तुझीच,
करुणाताई