बाथरूमच्या दारासाठी लोगो

३ फेब्रुवारी, सोमवार
आज ह्यांनी फ्रीजच्या मागे लघवी केली. गौतमीला सांगायचं नव्हतं, पण संतराने फोनवर सांगून टाकलं. संतरा कामाला चांगली, तोंडाची फटकळ. लेक गुडगावहून म्हणाली, आई, आता बाबांसाठी चोवीस तासांचा माणूस ठेवू या, डॉक्टरही तेच म्हणाले ना. मी म्हटलं, दोष बाबांचा नाही, दारांचा आहे. सहाच्या सहा दारं एकाच चॉकलेटी रंगाची. अडतीस वर्षं रेल्वेत काढलेल्या स्टेशनमास्तरला बोर्डाशिवाय कळणार कसं?
महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर बाबा आपले आपण बाथरूममध्ये जाऊ लागले, तर माणूस येणार नाही. गौतमी बरं म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

४ फेब्रुवारी
गौतमी कंपन्यांचे लोगो करते. तिच्या कॉलेजच्या नोट्स माळ्यावरून काढल्या. विषय सोपा आहे, उगाच चार वर्षं घातली त्यात. लोगो साधा हवा. लांबून कळावा. एकाच रंगातही चालावा. एकदा पाहिला की लक्षात राहावा. आणि ज्याच्यासाठी करायचा त्या माणसाला आधी ओळखा.
शेवटचं मला शिकवायला नको. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली.
प्रकार बरेच आहेत: शब्दांचा, आद्याक्षरांचा, चित्राचा वगैरे. निर्णय: शब्दांचा. शिकलेल्या माणसाला चित्रं कशाला?

५ फेब्रुवारी, सकाळी ७
पांढरा पुठ्ठा, दोन बोटं जाडीची काळी अक्षरं. बाथरूम. ह्यांनी समोर उभं राहून मोठ्याने, स्वच्छ वाचलं. छान, म्हणाले. आणि कोठीच्या खोलीत गेले.
सकाळी ९. गव्हाचा डबा धुऊन उन्हात ठेवला. वाचता येतं, हे सिद्ध झालं. निम्मं काम झालं म्हणायचं.

८ फेब्रुवारी
आद्याक्षर. नुसता 'बा'. संतरानेच विचारलं, आंटीजी, 'बा' मतलब? काढून टाकला.

११ फेब्रुवारी
चित्र. नळ आणि खाली बादली. संतरा म्हणाली, हाथी अच्छा बनाया आपने. नोट्समध्ये लिहिलंय, चित्र समजावून सांगावं लागता कामा नये. संतराला समजावून सांगितलं. एवढ्यात हे आले, चित्राला हात लावून नमस्कार केला आणि वळून गेले.
चित्रकला हा माझा विषय कधीच नव्हता. बी.ए.ला अर्थशास्त्र होतं.

१४ फेब्रुवारी
मूळ चूक सापडली. मी माझ्या आवडीचा लोगो करत होते. पाहणारा कोण? रेल्वेचा माणूस. मग पिवळी पाटी, काळी ठळक अक्षरं, स्टेशनावर असते तशी. ह्या माणसाने जन्मभर तेवढीच गोष्ट लक्ष देऊन पाहिली आहे.
राजा पार्कच्या बाजारातून पिवळा ऑइलपेंट आणला. ह्या वेळी पुठ्ठा नाही, प्लायवूड. पट्टी लावून अक्षरं आखली. गौतमीला फोटो पाठवला. तिने लिहिलं, आई, खूप सुंदर झालाय. पुढे काहीच लिहिलं नाही. कामात असेल.

१५ फेब्रुवारी
पाटी लावली. ह्यांचा चेहरा उजळला! कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता. शर्ट खोचला, पाठ ताठ केली, पाटीखाली जाऊन उभे राहिले. आत गेले नाहीत. जातील. आधी ओळख, मग वापर. हे मी म्हणतेय, नोट्समध्ये नाही.

१९ फेब्रुवारी
चार दिवस पाटीखाली ड्यूटी चालू आहे. संतरा बादली घेऊन निघाली की तिला तिकीट विचारतात. ती म्हणते, बाबूजी, मैं तो स्टाफ हूं. तिला सोडतात. मला सोडत नाहीत. दुपारी मी मागच्या दाराने बाथरूममध्ये गेले.
नियमाने वागताहेत, ही चांगली खूण आहे.

२१ फेब्रुवारी, दुपारी ४.१०
गेले! पाटीखालच्या दाराने आत गेले आणि सगळं नीट करून बाहेर आले. ताबडतोब गौतमीला कळवलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, खरंच, आई? स्वतः?
हो म्हटलं. संतराने हात धरून नेलं होतं, पण तो तपशील झाला.

२४ फेब्रुवारी
सकाळी ह्यांनी मला विचारलं, तुमची बदली इकडे कधी झाली?
झोप नीट झाली नसेल. तरी उपाय करून टाकला. तत्त्व तेच, फक्त आकार लहान. पुठ्ठ्याचा गोल बिल्ला, पिवळ्यावर काळ्याने 'द्वारका', पदराला पिन. संतरा नुसती बघत राहिली, पहिल्यांदाच काही बोलली नाही. ह्यांनी चष्मा लावून बिल्ला वाचला. म्हणाले, अरे वा, आमच्या मिसेसचं पण हेच नाव.
म्हणजे नाव लक्षात आहे. उत्तम.

२६ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी
संतरा रजेवर. हे सकाळपासून पाटीखाली खुर्ची टाकून बसलेले. पायजमा ओला. मी दुसरा घेऊन गेले तर हात लावू देईनात. म्हणाले, अहो, परक्या बाईसमोर कसं? मी बिल्ला पुढे केला. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.
एक तास मी तिथेच उभी होते. मग म्हटलं, साहेब, तुमची गाडी रद्द झाली. विश्रांतीगृहात चला, कपडे बदलून घ्या.
मग म्हणाले, मॅडम, घरी एक निरोप पोचवाल का? मी म्हटलं, सांगा. म्हणाले, मला उशीर होईल. जेवून घे म्हणावं. आमची कडक आहे, पण जेवायला माझ्यासाठी थांबते.
मग आले माझ्याबरोबर. आत एकटेच गेले, कडी लावून घेतली. पायजमा उलटा घालून बाहेर आले.
गौतमीला फोन केला. म्हटलं, माणूस पाठव.
तीन वाजता मी जेवले.