जन्माचं पान

वूस्टर, १४ नोव्हेंबर २०२२

ती. मलिंदाताईस,
एनसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आटवलेल्या सफरचंदांची बरणी, दोन्ही पोचलं. झाकण तू असं आवळतेस की उघडतानाच माणूस जखमी व्हावा. ज्याचं रक्त थांबत नाही अशा भावाला असल्या बरण्या पाठवणं बरं दिसत नाही.

आता मुद्द्याचं. आपली चर्चची मंडळी सोडून मला आठ महिने झाले. माझ्या औषधाचा खर्च मंडळी उचलायची, तो आता कोण उचलणार? निघताना आणलेल्या सुया पुरवून पुरवून वापरल्या, चार उरल्यात. सुतारकामाच्या मालकाकडे आम्ही चौघेच, तो विमा देत नाही. म्हणून इथल्या वाचनालयात गेलो. तिथे नोरीन नावाच्या बाई बसतात. सरकारी विमा बाजारात नाव घालायला लोकांना फुकट मदत करतात. त्यांनी सोशल सिक्युरिटीचा क्रमांक विचारला. नाही म्हटलं. जन्माचा दाखला? नाही. फोटोचं ओळखपत्र? तेही नाही. मग तू आहेस हे कशावरून, असं त्यांनी चष्मा काढून विचारलं. मी म्हटलं, तुमच्या खुर्चीत बसलोय यावरून. हसल्या बिचाऱ्या. आपल्यातला, जुन्या रीतीचा आमिश माणूस त्यांच्यापुढे पहिल्यांदाच बसला असावा.

तरी आज त्यांनी अर्ज भरला. एक जानेवारीपासून विमा सुरू होईल, पण कच्चा. मी या देशात जन्मलो हे पंच्याण्णव दिवसांत, म्हणजे सतरा फेब्रुवारीपर्यंत, दाखवता आलं नाही तर बंद. मी घरात जन्मलो. सुईण गेली, आई गेली. कोर्ट उशिराही जन्माची नोंद करतं, पण त्याला घरच्या बायबलातलं जन्मांचं पान लागतं आणि बाबांचा सही केलेला जबाब. कोरा जबाब सोबत आहे. बँकेत जाऊन तिथल्या अधिकाऱ्यासमोर सही करायची, एवढंच काम. बाबांना जेवणानंतर विचार. आधी नको.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा धाकटा,
एनस


सॉल्ट क्रीक, २७ नोव्हेंबर

चि. एनस यास,
मलिंदाचे अ. आ.

या महिन्यात आपल्याकडे पाच लग्नं झाली. सेलरी चिरून चिरून माझी बोटं हिरवी पडली आहेत. प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी म्हातारी मला विचारते की आता तुझं कधी. छत्तीस वर्षांच्या बाईला हे विचारायला धीर लागतो. तो त्यांच्यात आहे.

कागद मी जेवणानंतरच दिला. बाबांनी खिडकीपाशी उभं राहून दोनदा वाचला. मग ‘शपथेवर’ या शब्दावर बोट ठेवलं आणि घडी घालून परत दिला. आपल्यात शपथ घेत नाहीत हे शहरातल्या लोकांना ठाऊक नसेल, तुला आहे. शिवाय विमा घेणं म्हणजे देवावर आणि शेजाऱ्यांवर भरवसा नाही असं लिहून देणं, हे त्यांचं मत तू लहानपणापासून ऐकलं आहेस. मी म्हटलं, शेजाऱ्यांनीच त्याचं ताट वेगळं मांडलंय. त्यावर म्हणाले, ताट त्याने उचललं, आम्ही फक्त टेबल पुसलं.

रविवारी पेरीकाका भेटले. मंडळीच्या मदतीचे पैसे त्यांच्याच हातून जातात. ते म्हणाले, एनस ज्या दिवशी परत येऊन सगळ्यांपुढे गुडघे टेकून चूक कबूल करील, त्या दिवसापासून त्याचं औषध मंडळीचं. मी निरोप पोचवते आहे, दुसरं काही नाही.

गरम कपडे घालत जा. आम्हा दोघांना मनात ठेव.

तुझी ताई,
मलिंदा


वूस्टर, ५ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नोरीनबाईंना विचारलं. शपथ न घेणाऱ्यांची कायद्यात सोय आहे. ‘शपथेवर’ खोडून ‘खरेपणाने’ लिहिलं तरी कोर्टाला चालतं. नवा कागद पाठवतो आहे, खोडाखोड मीच केली आहे. आता त्यात बाबांना खटकेल असं काही उरलेलं नाही. त्यांच्या पोटी, त्यांच्या घरात, अमुक दिवशी एक मुलगा झाला, एवढंच त्यांनी सांगायचं आहे.

पेरीकाकांचा निरोप मिळाला. ताई, मी कोणावर रागावून गेलो नाही. मला आठवीच्या पुढे शिकायचं होतं, आणि मी शिकतो आहे. बीजगणितात बावीस जणांत अठरावा आहे, हे बाबांना सांगू नकोस. औषधासाठी परत आलो तर ते येणं खोटं ठरेल, आणि खोटं वागायला तूच मला शिकवलं नाहीस. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. जे काही शिकलो ते तुझ्याकडून.

ही तारीख चुकली तर काय होईल ते तुला सांगायला नको. अब्रामकाका आपल्याच माजघरात, दात काढल्यावर गेला.

जीव लावत आलीस तसा लावत राहा.

एनस


सॉल्ट क्रीक, ४ जानेवारी २०२३

चि. एनस यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, नवा कागदही. उत्तराला उशीर झाला. बाबांचं मन अजून वळत नाही. मी रेटत नाही. रेटलं की ते दुकानात जाऊन बसतात आणि घोड्यांचे पट्टे शिवत राहतात. थंडीने त्यांची बोटं धरली आहेत, तरी सुई सोडत नाहीत.

काल डुकरं कापली. अकरा माणसं होती. सॉसेजच्या यंत्राचा दांडा फिरवायला तू नव्हतास, म्हणून पेरीकाकांचे दोन जावई लावावे लागले आणि तरी ते मध्येच दमले. सगळे हसले. बाबाही हसले आणि मग बाहेर गेले.

तुझा कागद मी नीट जपून ठेवला आहे. धीर धर. नाहीतर तूच का येत नाहीस? शिकायचंच असेल तर पुस्तकं इथेही उघडतात.

तुझी वाट बघणारी,
मलिंदा


वूस्टर, ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जानेवारीत विमा सुरू झाला आणि औषध आलं. दर आठवड्याला एक सुई. उठताना गुडघा दुखत नाही, असं किती वर्षांनी झालं सांगू? परवा जिन्यावरून विनाकारण दोनदा खालीवर केलं. घरमालकीण बघत होती.

अकरा दिवस उरले आहेत. नोरीनबाई म्हणतात, वडिलांना एक फोन करून बघू या का. आपल्या घरी फोन नसतो हे त्या दर वेळी विसरतात.

बाबांना आता काही विचारू नकोस. फक्त सांग की मीही विचारणार नाही. शपथेचा शब्द काढून टाकला, तरी सही नाही. म्हणजे अडचण शब्दाची नव्हती, माझी होती. मी जन्मलो हे कबूल करायचीही ज्यांची तयारी नाही, त्यांचा मुलगा म्हणवून घ्यायची हौस मलाही राहिलेली नाही. हे जसंच्या तसं सांग.

तुझ्यावर राग नाही. तू मधल्या मध्ये भरडली जातेस.

एनस


सॉल्ट क्रीक, १९ फेब्रुवारी

चि. एनस यास,
अ. आ.

सतरा तारीख गेली. मला ठाऊक आहे.

मेपलच्या झाडांना बादल्या लावल्या, रस बरा येतो आहे. तुझी खोली झाडून घेतली. गादी उन्हात टाकली, सहजच. पलीकडचा मंडळीबाहेरचा ड्रायव्हर दर शुक्रवारी वूस्टरला येतो. परतताना त्याच्या गाडीत जागा असते. मी त्याला सांगून ठेवलं आहे.

मलिंदा


वूस्टर, १७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही. फेब्रुवारीअखेर विमा बंद झाला. मार्चच्या दहा तारखेला कामावर ओकची फळी निसटून गुडघ्यावर आली. औषध नव्हतं. बर्फ लावला, पडून राहिलो, आपोआप थांबेल असं धरून चाललो. दवाखान्यात गेलो तोवर सांध्याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाय आता सरळ आहे आणि सरळच राहणार. पेरीकाकांना सांग, गुडघे टेकायचं मनात आणलं तरी आता एकच टेकेल.

गुरुवारी बाबा आले.

कोणाकडून तरी गुडघ्याचं कळलं म्हणून गाडी भाड्याने करून आले. दारात उभे राहिले, टोपी काढली नाही. मी सूप गरम केलं. आपला नियम आहे, वाळीत टाकलेल्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. त्यांनी वाटी उचलून खिडकीशी नेली, मी माझी घेऊन पलंगावर बसलो. जेवलो मात्र एकाच वेळी. वाटी खाली ठेवून ते म्हणाले की कागद मिळाल्याच्या चार ओळी लिहायलाही तुला सवड झाली नाही, हिवाळाभर मी रस्त्याच्या टोकाला पेटीपर्यंत जात होतो. मी विचारलं, कुठला कागद? ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तारीख सांगितली. एकोणीस डिसेंबर.

मी दोन्ही वाट्या धुऊन पालथ्या घातल्या. शेवटी तेच म्हणाले की टपालात गहाळ झाला असेल, नाताळच्या दिवसांत होतं असं. निघताना त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला, सरळ पायावर, आणि तसाच ठेवून उभे राहिले.

ताई, टपालात गहाळ झाला असं मला लिही. मी मानीन.

एनस


सॉल्ट क्रीक, २६ एप्रिल

चि. एनस,

गहाळ झाला नाही. या पत्राबरोबर आहे.

एकोणीस डिसेंबरला बाबा घोडागाडी जोडून एकटेच बँकेत गेले. रस्त्यावर बर्फ होता. परत आले आणि बायबल काढलं. पानाची नक्कल चालते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चामडं कापायच्या सुरीने त्यांनी ते पानच कापलं. त्यावर आई आहे, जन्मतःच गेलेली दोघं आहेत, मी आहे, सगळ्यात खाली तू. कापताना पट्टी लावली होती, कड बघ, किती सरळ आहे. दोन्ही पाकिटात घालून मला दिलं आणि म्हणाले, “दे पाठवून. पोर जगलं पाहिजे. परत यायचं की नाही ते त्याचं तो बघेल.”

तिकीट लावायला मी पाकीट खोलीत नेलं आणि लावलं नाही.

कारण लिहिते. ते पुरेसं नाही, तरी लिहिते. तुझं औषध आमच्याकडे होतं तोवर तू कधी ना कधी येशील, असं मी धरून चालले होते. पाकीट गेलं असतं तर तुला आमची गरजच उरली नसती. सतरा तारीख जाईल, तू घाबरशील, शुक्रवारच्या गाडीने येशील, मग पाकीट मी चुलीत टाकीन, असं ठरवलं होतं. तू फळीखाली येशील हे माझ्या मनात आलं नाही. यायला हवं होतं. तू रांगायला लागलास तेव्हापासून तुझ्या गुडघ्यांना कापसाच्या घड्या मीच बांधायची.

बाबांबद्दल तू फेब्रुवारीत जे लिहिलंस ते मी त्यांना सांगितलं नाही. आणि त्यांनी सही केली हे तुला सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये उभं राहून मी दोघांनाही अडवलं.

त्या गुरुवारी तुझ्याकडून परत आल्यावर बाबा जेवले. मग म्हणाले, एनसला सांगितलं की टपालात गहाळ झालं. आयुष्यात मी त्यांच्या तोंडून खोटं ऐकलं ते एवढंच, आणि ते माझ्यासाठी होतं. त्यानंतर बोललेले नाहीत. पत्रं आता ते स्वतः पेटीत टाकतात. हेही तेच टाकतील. पाकीट जड का, असं ते विचारणार नाहीत.

रविवारी मंडळीपुढे कबूल करणार आहे. तुझ्याकडे काही मागत नाही.

मलिंदा


वूस्टर, १२ जून

ती. मलिंदाताईस,
एनसचा नमस्कार.

पाकीट पोचलं. कोर्टात नोंद झाली, क्रमांक मिळाला. नोरीनबाई म्हणाल्या की कागद उशिरा आला तरी त्यांच्याकडे पुन्हा नाव घालायची वाट आहे, फक्त अर्ज नव्याने भरावा लागतो. शनिवारी भरला. एक जुलैपासून विमा सुरू होईल आणि या वेळी पक्का. पान मी बाबांच्या नावाने वेगळं पाठवलं आहे. ते डिंकाने जागी लावून घेतील.

तू क्षमा मागितली नाहीस, तरी ती तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी दिली. आपल्या घरात ती लगेच द्यायची असते, तशी दिली. बाकीचं माझ्या हातात नाही. सकाळी पायात बूट घालायला मला दोरीचा फास करून ओढावं लागतं, आणि रोज त्या वेळी तुझी आठवण येते. ती कमी होईल तेव्हा लिहीन. तू लिहिलंस तर पत्र परत पाठवणार नाही.

बाबांच्या बोटांना रात्री गरम मीठ बांधत जा.

अर्जात एक प्रश्न असतो, घरात माणसं किती. नोव्हेंबरात तो आला तेव्हा मी नोरीनबाईंना विचारलं होतं की लांब राहणारे वडील आणि बहीण धरायचे का. त्या म्हणाल्या, नाही, एकच लिहा. मी पेन धरून इतका वेळ थांबलो की त्या पाणी घेऊन आल्या. शनिवारी तोच प्रश्न आला. मी एक लिहिलं आणि पान उलटलं.

एनस