दोन समुद्रांत अडकलेल्या देगेबाबत

प्रति,
मा. कस्टम अधिकारी साहेब,
बंदर कचेरी, खारवडे, जि. रत्नागिरी.

अर्जदार : लियाकत दाऊद परकार, आचारी, मूळ राहणार खारवडे, हल्ली मुक्काम दुबई.

विषय : तांब्याची देग (भात शिजवायचे मोठे पातेले, नग एक) मुलीच्या निकाहाआधी सुटून मिळणेबाबत.
संदर्भ : खुलासा मागणारे आपले पत्र, दि. १९ फेब्रुवारी १९६५.

महोदय,

१. अर्जदार दुबईत एका फारसी शेठकडे आचारी आहे. शेठचे घराणे मूळ समोरच्या इराणी किनाऱ्यावरचे. तिथे शहाच्या सरकारने जकात वाढवली तेव्हा दुकान उचलून ते इकडे आले. सोयरीक मात्र तिकडेच राहिली. आजही इकडून चहा-कापड जाते आणि तिकडून गालिचे, पिस्ते व सुना येतात.

२. गेल्या डिसेंबरात शेठच्या मुलाचे लग्न तिकडे झाले. अर्जदार आपली वडिलोपार्जित देग घेऊन लाँचने गेला. देगेच्या चिठ्ठीवर दुबईच्या कारकुनाने 'अरबी खाडीमार्गे' असे लिहिले होते. मधल्या आखाताला अरबी म्हणावे की फारसी, यावरून दोन्ही किनाऱ्यांत वाद पेटला आहे, याची अर्जदारास कल्पना नव्हती. त्याचे लक्ष मसाल्याकडे होते. तिकडचा अधिकारी म्हणाला, "अशी खाडी जगात नाही. मग ही देग आली कुठून?" अर्जदाराने देग वाजवून दाखवली. उपयोग झाला नाही. नव्या चिठ्ठीवर 'फारसी खाडी' असा शिक्का बसला, तेव्हा कुठे वऱ्हाड जेवले.

३. परतल्यावर दुबईच्या कारकुनाने तो शिक्का पाहून कपाळाला हात लावला. "हबीबी, ही कुठली खाडी? खलास, पुन्हा लिहू." अशा साऱ्या चिठ्ठ्या गळ्यात बांधून देग गलबताने मायदेशी आली. त्यावर आपली पृच्छा, की देग एका समुद्रातून गेली व दुसऱ्यातून परतली, तर मधल्या काळात ती कोठे होती? महोदय, ती चुलीवर होती.

४. अर्जदाराची मुलगी जहांआरा हिचा निकाह दि. ४ एप्रिल रोजी आहे. व्याही म्हणतात, भाड्याची देग आणा. मुलगी म्हणते, "आजोबांच्या देगेत भात शिजल्याशिवाय मी 'कबूल' म्हणणार नाही." ती आईवर गेली आहे.

५. आई, म्हणजे अर्जदाराची पत्नी मरियमबी, हिने आपल्या कचेरीत बरेच खेटे घातले. शेवटी आपल्या शिपायाने सांगितले, "बाई, देग आवाराबाहेर न्यायला मनाई आहे. आत भात शिजवायला मनाई असल्याचा कागद माझ्या तरी पाहण्यात नाही." मरियमबीने त्याच दिवशी आवारात सरपण आणून टाकले व पत्रिका छापायला दिल्या. निकाहाचे ठिकाण : कस्टम कचेरी.

६. तरी देग सोडावी, ही विनंती. नियमात बसत नसल्यास त्या दिवशी फाटक उघडे ठेवावे व वऱ्हाडावर जकात लावू नये. अर्जदार पुढच्या बोटीने निघत आहे. आपण सहकुटुंब जेवायला यावे. मरियमबीने आपली पाने धरली आहेत.

आपला नम्र व तूर्त हवालदिल वधूपिता,
लियाकत दाऊद परकार
दुबई, दि. ७ मार्च १९६५

सोबत : चिठ्ठ्यांच्या नकला, लग्नपत्रिका एक, साहेबांच्या नावाची.